काढलेली टिक

"ताई, जरा उठता का? मला खुर्ची लागेल," ती मुलगी म्हणाली, आणि मी उठले नाही.

उठायचं नव्हतं असं नाही. पण पडद्यावर नुकतीच एक फाइल आली होती. तिच्या ओळीपुढे 'रेडी' असा शब्द उमटला होता आणि ती पाठवल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून कधीच उठत नसे. मी बटण दाबलं. 'रेडी' जाऊन 'रनिंग' आलं, हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली, 'कम्प्लीटेड' आलं. मग मी उठले.

"बसा आता. पण लवकर आटपा हं. बाहेर पेशंट बसलेत, त्यांचं अडायला नको."

"अख्खा कंप्युटर बदलायचाय ताई," ती हसून म्हणाली. "थोडा वेळ तर लागणारच."

तबस्सुम मुलाणी तिचं नाव. बारामतीहून आली होती. पाठीवर बॅग, हातात नव्या कंप्युटरचं खोकं, कपाळावर घाम. जुना कंप्युटर महिनाभर अधूनमधून बंद पडत होता, म्हणून दादाने नवा मागवला होता. आणि नेमका तो येण्याच्या दिवशी दादा मशीनच्या एका भागासाठी पुण्याला गेला होता.

दादा म्हणजे जालिंदर नाळे, माझा थोरला भाऊ. पुण्याच्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात बरीच वर्षं काढून तो गावी परतला आणि फलटणला बारामती रस्त्याला त्याने स्वतःचं स्कॅन सेंटर काढलं. खाली सेंटर, वर घर. मशीन डोक्याचे, छातीचे, पोटाचे फोटो इथे काढायचं, पण ते वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम पुण्यात. फोटोंची फाइल कंप्युटरवरून त्यांच्याकडे जायची, त्या बघायच्या आणि रिपोर्ट पाठवायच्या. फोटो आणि डॉक्टर यांच्या मधे मी होते.

माझी खोली जिन्याखाली होती. खिडकी नव्हती. कंप्युटर तापू नये म्हणून एसी कायम चालू, त्यामुळे भर वैशाखातही मी अंगावर शाल घेऊन बसायची. सकाळी सेंटर उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत माझं काम एकच. फाइल आली, 'रेडी' दिसलं, की बटण दाबायचं. गेली की नाही बघायचं. पुढच्या फाइलची वाट बघायची. जेवणाचं ताट वहिनी तिथेच आणून द्यायच्या. बाथरूमला जायचं तरी मशीनच्या खोलीत डोकावून विचारायचं, "आत्ता कुणाला घेतलंय का?" आणि नाही म्हटलं तर पळत जाऊन यायचं.

सुरुवातीला एकदा मी दादाला विचारलं होतं, "हे आपोआप नाही का रे जात?"

"आपल्याकडच्या नेटच्या लाइनीचा भरवसा नाही उजे," तो म्हणाला होता. "माणूस बसलेलं बरं. उद्या एखाद्याच्या डोक्यात रक्त साचलेलं असायचं आणि फाइल इथेच पडून राहायची."

मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर आवडलंही होतं. गावातले डॉक्टर यायचे तेव्हा दादा माझ्याकडे बोट करून सांगायचा, "आमच्या उज्ज्वलाशिवाय सेंटर चालत नाही." अकलूजच्या सासरी दोन वर्षं कुणालाच नको असलेली मी. नवऱ्याचं दुसरं घर होतं, ते मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. तिथून परत आलेल्या बाईला 'तुझ्याशिवाय चालत नाही' हे शब्द कसे लागत असतील, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

त्या शब्दांपायी मी काय काय सोडलं, त्याचा हिशेब तेव्हा कधी केला नव्हता. चुलत बहिणींची लग्नं सोडली. कॉलेजची मैत्रीण जयमाला साताऱ्याला एका मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघायची. तिथे राहायला हक्काची बाई हवी म्हणून तिने मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "अगं, फाइली असतात." जयमाला म्हणाली, "काय असतात?" तिला ते कधी समजावून सांगता आलं नाही.

आणि मावशी. आई गेल्यावर जिने आम्हा भावंडांना वाढवलं ती कोरेगावची मावशी. आदल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी सकाळच्या एसटीने गेले आणि दुपारच्या एसटीने परत आले. निघताना तिने माझा हात सोडला नाही. "राहा की गं आजच्या दिवस," म्हणाली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येते, राहायलाच येते." पुढच्या आठवड्यात मी गेले ते तिच्या दहाव्याला.

तर तबस्सुम. तिने नवा कंप्युटर जोडला, जुन्यातलं सगळं त्यात उतरवून घेतलं, प्रोग्रॅम उघडला आणि पडद्याकडे बघत बसली. मी तिच्या मागे उभी होते, हात कुठे ठेवावेत हेही सुचत नव्हतं.

"ताई, तुम्ही ही कामं हाताने चालवता?"

"हो. मग?"

"प्रत्येक फाइल?"

"प्रत्येक. आली की लगेच."

ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागली. "हे 'रेडी' लिहून येतं, ते म्हणजे काय असं वाटतं तुम्हाला?"

"फाइल तयार आहे. पाठवा."

"नाही हो. ते फाइलचं नाही, कामाचं आहे. म्हणजे काम नेमून ठेवलंय, कुठून उचलायचं, कुठे टाकायचं, सगळं सांगून ठेवलंय. पण ते कधी करायचं हे सांगितलेलं नाही. म्हणून ते बसून राहिलंय. कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत ते तसंच बसणार."

"आणि कधी करायचं ते सांगितलं तर?"

"मग तिथे 'शेड्यूल्ड' दिसेल. दर थोड्या वेळाने ते स्वतः फोल्डरमध्ये बघेल. फाइल असली तर पाठवेल, नसली तर गप्प."

मी तिला दादाचंच उत्तर दिलं. "आमच्याकडे लाइन जाते सारखी. मधेच गेली तर?"

"तर 'वेटिंग' म्हणून थांबेल. लाइन आली की जिथे राहिलं तिथून पुढे. अगदीच जमलं नाही तर 'फेल्ड' होईल आणि मोबाइलवर मेसेज येईल. माणसाने बसायची गरज नाही."

माणसाने बसायची गरज नाही. तिने ते अगदी सहज म्हटलं, वर माझं काम हलकं होणार म्हणून आनंदाने म्हटलं. मला मात्र भर वर्गात कुणी उभं करावं तसं झालं.

"मग हे आधीच कुणी करून का दिलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

तिने दोन-तीन ठिकाणी दाबून एक चौकोन उघडला आणि जवळ वाकून बघितलं. "दिलंय की. हे बघा. वेळ घालून ठेवलीय प्रत्येक कामाला. फक्त इथली टिक काढलीय. म्हणून वेळापत्रक 'डिसेबल्ड', म्हणजे बंद."

"बिघडलंय म्हणजे."

"बिघडून टिक नाही जात ताई. कुणीतरी काढलीय. आणि ह्याला मालकाचा पासवर्ड लागतो, तो असल्याशिवाय हे पान उघडतच नाही. आता मला सरांनी सकाळी फोनवर दिला म्हणून." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती घाईने म्हणाली, "चुकून झालं असेल. सुरुवातीला बघताना काढली असेल, मग घालायची राहिली असेल. चालू करून बघू?"

मी मान हलवली. तिने टिक घातली. ओळींपुढचे 'रेडी' पुसले गेले आणि सगळीकडे 'शेड्यूल्ड' आलं.

बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना आत घेतलं गेलं. त्यांच्या छातीची फाइल आली. माझा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि तबस्सुमने तो हळूच धरला. "थांबा. बघा आता."

आम्ही दोघी बघत राहिलो. थोड्या वेळाने ओळ स्वतःच हलली. 'रनिंग'. पट्टी सरकली. 'कम्प्लीटेड'. आणि लगेच पुन्हा 'शेड्यूल्ड', जसं काही झालंच नाही.

"सुटलात की हो तुम्ही!" तबस्सुम म्हणाली.

मी तिला म्हटलं, "ती टिक परत काढा."

"अहो, पण..."

"काढा. होती तशी करून जा. दादा आल्यावर तो बघेल."

तिला काही कळलं नाही. पण तिने काढली, चहा घेतला आणि गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, मी काही चुकीचं बोलले का?" मी म्हटलं, "नाही गं. अगदी बरोबर बोललीस."

त्या दिवशी उरलेला वेळ मी त्या खुर्चीत बसून बटण दाबत राहिले. इतकी वर्षं दाबलं त्याचं काही वाटलं नव्हतं, त्या दुपारी मात्र प्रत्येक वेळी बोट जड व्हायचं. खोली तीच, पण भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या. एसीचा आवाज आधी कधी ऐकू आला नव्हता, तो आता डोक्यात घुमायला लागला. चुकून झालं असेल, मी स्वतःला सांगत होते. दादाला कंप्युटरमधलं काय कळतं. पण दादाला कळत होतं. ते मशीन बसवताना कंपनीची माणसं आठवडाभर आली होती आणि प्रत्येक गोष्ट त्याने त्यांच्या शेजारी बसून शिकून घेतली होती.

मग का? पगार वाचवायला? पण मला तो पगार देत होताच, दर महिन्याला, न मागता. बहीण घरात फुकट बसून खाते असं लोकांनी म्हणू नये म्हणून? की माझ्यावर नजर राहावी म्हणून? जितकी कारणं सुचत होती तितका माझा जीव गुदमरत होता, कारण त्यातलं एकही कारण माझ्या दादाला शोभत नव्हतं.

संध्याकाळी वहिनी ताट घेऊन आल्या. छायावहिनी आणि माझं कधी फारसं जमलं नव्हतं. त्या सारख्या माझ्या मागे लागायच्या. "ताई, जरा बाहेर जाऊन या. ताई, त्या मैत्रिणीला एकदा भेटून तरी या. किती दिवस बसणार असं जिन्याखाली?" मला वाटायचं, यांना मी घरात नकोय. त्या संध्याकाळीही त्यांनी विचारलं, "ती इंजिनीअर काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही. कंप्युटर बदलला." त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा सेंटरमध्ये आला तेव्हा मी खुर्चीत होते. तो खुशीत होता. मशीनचा भाग मिळाला होता. त्याने नव्या कंप्युटरवरून हात फिरवला. "छान आहे की. आता त्रास नाही तुला."

त्याच वेळी एक फाइल आली. मूतखड्याच्या पेशंटची, रिपोर्ट उद्या मिळाला तरी चालेल अशी. अर्जंट असती तर पुढचं जे केलं ते मी केलं नसतं.

'रेडी'.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दादा बोलत होता, बोलता बोलता थांबला. "उजे, फाइल आलीय."

"दिसतेय."

"मग पाठव की."

मी हललेही नाही.

"बरं वाटत नाही का तुला?" तो पुढे आला आणि माझ्या खांद्यावरून हात लांब करून त्याने स्वतः बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली.

"ही तू पाठवलीस," मी म्हटलं. "पुढची कोण पाठवणार?"

"म्हणजे?"

"टिक घाल दादा."

त्याचा हात तिथेच राहिला. त्याने 'कसली टिक' असं विचारलं असतं तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं. पण त्याने विचारलं नाही. बाजूचं स्टूल ओढलं आणि तो बसला, एकदम वय झाल्यासारखा.

"ती मुलगी बोलली?"

"तू बोलायला हवं होतंस. का काढलीस?"

तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "कालव्यावर तू कपडे धुवायला गेली नव्हतीस उजे."

मी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, अजूनही फारशी सांगत नाही. अकलूजहून परत आले त्या वर्षी मी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आंघोळ नाही, वेणी नाही. एका सकाळी उठले आणि नीरेच्या कालव्यावर गेले. पाण्यात उतरले. पलीकडच्या शेतात मोटर चालू करायला आलेल्या माणसाने मला ओढून काढलं आणि घरी आणलं. मी सांगितलं, चादरी धुवायला गेले होते, पाय घसरला. सगळ्यांनी मान डोलावली. दादाही 'शेवाळ असतं तिथे, जपून जावं' असंच म्हणाला होता. त्याला खरं वाटलं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"चादरी घरातच होत्या," दादा म्हणाला. "दोरीवर वाळत होत्या. मी बघितल्या होत्या."

मी पडद्यावरची संपलेली पट्टी बघत राहिले.

"त्यानंतर मला रात्र रात्र झोप नाही लागायची. तुझ्या खोलीचं दार वाजलं की मी उठून बसायचो. डॉक्टर म्हणाले, तिला कशात तरी गुंतवा. मी म्हटलं कशात गुंतवू? तू ताटावर बसत नव्हतीस. मग हे मशीन आलं. कंपनीच्या माणसाने सगळं आपोआप करून दिलं आणि तो गेल्यावर मी टिक काढली. तुला सांगितलं, माणूस मिळत नाही, चार दिवस बसशील का." त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी सकाळी तू खाली आलीस. आंघोळ करून, वेणी घालून. 'कुठलं बटण?' विचारलंस. मी मशीनच्या खोलीत गेलो आणि दार लावून रडलो."

आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

"महिनाभरच ठेवायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "मग म्हटलं दिवाळीनंतर. मग पाडव्यानंतर. तू हसायला लागली होतीस. दर वेळी वाटायचं, आता घातली टिक आणि ही पुन्हा वर जाऊन पडली तर?"

"आणि मावशीच्या वेळी?"

त्याने समोरचा कीबोर्ड उगाच सरळ केला.

"दादा, मावशीच्या वेळी?"

"त्या दिवशी सांगणार होतो," तो म्हणाला. "स्टँडवर तुला सोडायला आलो तो सांगायलाच. पण तू खिडकीतून म्हणालीस, 'फाइल अडली तर फोन कर, मी अर्ध्यातून परत येते.' आणि तुझा चेहरा... मला वाटलं, हे काढून घेतलं तर हिच्याकडे राहिलं काय?"

"मावशी होती माझ्याकडे," मी म्हटलं.

तो तोंडावर हात धरून रडायला लागला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्या तोंडात मारावीशी वाटत होती. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

दारात वहिनी उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही.

"मी कधीपासून सांगतेय यांना," त्या म्हणाल्या. "ती बरी झालीय, आता तुम्हीच तिला आजारी ठेवताय. पण नाही. तिला सांगितलंस तर बघ म्हणून पोरांची शपथ घातली मला. मग मी काय करणार? बाहेर जा, बाहेर जा म्हणून तुमच्या मागे लागायचे, आणि तुम्हाला वाटायचं मी घालवायला बघतेय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ते माहीत होतं. मला काय वाटतं ते माहीत असूनही त्या मागे लागत राहिल्या होत्या.

दादाने डोळे पुसले, पुढे सरकून पासवर्ड घातला आणि टिक घातली. सगळ्या ओळी बदलल्या. "झालं," तो म्हणाला.

झालं, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडलं आणि मी आंघोळ करून, वेणी घालून खाली आले आणि त्याच खुर्चीत बसले. कुणी बोलावलं नव्हतं. फाइली येत होत्या, जात होत्या. मी शाल घेऊन बघत होते. मधेच लाइन गेली तेव्हा 'वेटिंग' आलं आणि मला चक्क बरं वाटलं. आता तरी माझी गरज लागेल. लाइन आली आणि फाइल निघून गेली.

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. त्याच्याही पुढच्या. दार उघडं होतं, कुणी अडवत नव्हतं आणि मला खोलीबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. आधी निदान फाइलींचं कारण होतं. आता मी कशाने बांधलेली आहे तेच सापडत नव्हतं. दादा येऊन जाऊन डोकवायचा, काही बोलायला जायचा आणि परत फिरायचा. मी इतकी घाबरले होते की रडूही येत नव्हतं. बाहेर जाऊन मी करणार काय होते? मला काय येत होतं? बटण दाबता येत होतं.

जयमालाचा फोन वहिनींनी घेतला. तो करायला त्यांनीच तिला सांगितलं असणार, असं मला आजही वाटतं. फोन हातात घेऊन त्या खोलीत आल्या आणि माझ्या कानाला लावला.

"उज्ज्वला, मी शेवटचं विचारतेय," जयमाला म्हणाली. "संस्थेला बाई हवी आहे. तू येणार नसशील तर उद्या दुसरीला कळवायचंय. आणि कृपा करून मला फाइली असतात म्हणून सांगू नकोस."

मी पडद्याकडे बघितलं. एक फाइल जात होती, माझ्याकडे न बघता.

"नाहीत," मी म्हटलं.

"काय नाहीत?"

"फाइली. येते मी."

वहिनींनी दोन पिशव्या भरून दिल्या, जणू त्या आधीपासून भरून ठेवल्या होत्या. दादा घरी नव्हता, म्हणजे मला तसं वाटलं. मी चालत स्टँडवर गेले. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर कितीतरी दुकानं बदलली होती. ऊन लागत होतं आणि मला शाल काढायचं भान नव्हतं, ती मी स्टँडवर पोचल्यावर काढली. साताऱ्याची गाडी लागली होती. चढले, खिडकीशी बसले आणि बाहेर बघितलं तर रसवंतीच्या मागे दादा स्कूटरला टेकून उभा. मला दिसू नये अशा बेताने उभा होता, पण त्याच्यासारख्या उंच माणसाला ते जमत नाही.

मी खाली उतरले आणि त्याच्यासमोर गेले.

"कधीपासून मागे येतोयस?"

"घरापासून."

"का?"

त्याने स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "रस्ता कालव्यावरूनच जातो ना."

मी त्याचा हात धरला. "दादा, मी गाडीत बसणार आहे. पाण्यात नाही. घरी जा."

त्याने मान हलवली, पण तो गेला नाही. गाडी सुटली, वळली, तरी स्कूटरशेजारी तो तसाच उभा होता.

साताऱ्याला सुरुवात सोपी गेली नाही. मुली माझं ऐकत नसत, गॅस संपायचा, आजारी मुलीला दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळायची नाही. पहिल्या महिन्यात मी दोनदा पिशवी भरली होती. पण माझ्या खोलीला तिथे मोठी खिडकी होती आणि दारावर सारखी कुणीतरी थाप मारत असायचं. "बाई, हिला ताप आलाय." "बाई, ही रडतेय." त्या मुलींसाठी कुणी टिक काढून ठेवलेली नव्हती. त्या खरंच यायच्या. मी तिथेच राहिले, निवृत्त होईपर्यंत.

दादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. न चुकता. "जेवलीस का?" एवढंच. मी म्हणायची, "जेवले." तो म्हणायचा, "बरं," आणि ठेवायचा. त्याच्या आवाजावरून कळायचं, की तो जेवणाचं विचारत नाहीये. कधी मला राग यायचा, कधी हसू. माझा त्याच्यावरचा राग गेला नव्हता. मावशीचा हात आठवला की तो आजही कुठून तरी वर येतो. पण त्या फोनला मी कधी उशीर केला नाही. न उचललेला फोन त्याला काय काय सुचवेल ते मला माहीत होतं.

असं साताऱ्यातला माझा दुसरा पावसाळा संपेपर्यंत चाललं. मग एका संध्याकाळी फोन आला नाही.

मी वाट बघितली. मुलींची जेवणं झाली, तरी आला नाही. शेवटी मीच लावला. वहिनींनी उचलला.

"दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत की. जेवले आणि झोपले. घोरताहेत. का हो?"

"नाही... फोन आला नाही आज."

"मी केली होती आठवण," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, आज ताईंना फोन नाही का करायचा? तर म्हणाले, राहू दे गं, ती जेवली असेल."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग तिथेच पायरीवर बसून, मुली बघताहेत याची पर्वा न करता, पोटभर रडले.